दादाची दाढी वाढेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

सलूनवाल्याने पोटातली गोष्ट सांगायची तरी कोणाला? आमच्या दुकानात सकाळी एक वाक्य तोंडातून पडलं की दुपारी ते बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं असतं, आणि वाटेत त्याला शिंगंही फुटलेली असतात. म्हणून कागदावर लिहायचं ठरवलं. कागद निदान गिऱ्हाईक नाही.

गोष्ट दादाची. त्याचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात नसांचं दुखणं आहे, गोळीने थोडं आवरेल, जाणार नाही. हे मला माहीत, वहिनीला माहीत आणि डॉक्टरांना. बाजारात मी पाठदुखी सांगून ठेवली आहे. पाठ दुखते म्हणून दादा मधेच बसतो, पाठ दुखते म्हणून बऱ्याच दाढ्या माझ्याकडे. आज पोस्टमनला फेस लावताना दादाचा ब्रश सरळ त्याच्या कानात गेला. मी मोठ्याने हसलो आणि रेडिओचा आवाज वाढवला. पोस्टमनने रुमालाने कान पुसला.

हा पोस्टमनही हट्टी माणूस आहे. माझी खुर्ची रिकामी असली तरी दादाच्याच खुर्चीसाठी थांबतो, आणि येतो तोही सकाळीच. दुपारी ये म्हटलं तर मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. बाजार समितीचे अध्यक्ष मात्र आता माझ्याकडे बसतात. पूर्वी ते दादाचे होते. का ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मला झोप लागत नाही ती एकाच गोष्टीने. हाताचं बाहेर फुटलं तर दादाच्या खुर्चीत कोण बसेल? थरथरत्या हाताखाली मान कोण देईल? दादा घरी बसणारा माणूस नाही. त्याला घरी बसवलं तर तो संपला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

समितीच्या सभागृहाच्या भिंतीवर आजवर माजी अध्यक्षांचे फोटो होते. सगळे एकाच सुटात काढल्यासारखे दिसतात. आता ठरलंय की तिथे बाजारात काम करणाऱ्यांची चित्रं लावायची, रंगात, माणसाला समोर बसवून. त्यासाठी एक चित्रकार बाई आल्या आहेत. वरच्या मजल्यावरची मोठ्या खिडकीची खोली त्यांना दिली आहे. बाजाराने त्यांचं बारसं करूनही टाकलं : रंगवाली.

मी सभेत म्हटलं, खिशातला फोन काढा, टिचकी मारा, एका दुपारी अख्खा बाजार भिंतीवर. बाई शांतपणे म्हणाल्या की फोनला घाई असते. सगळे हसले. मीही हसलो, पण मला काही पटलं नाही.

पहिला मान चावीवाल्याचा. मग दादाचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज माझी चांगलीच खरडपट्टी निघाली.

चावीवाला चित्राला दोनदा बसून आला होता. तिसऱ्यांदा जाताना दुकानावरून चालला होता, केस कानावर आलेले, भुवया झुडपासारख्या. म्हटलं, हे ध्यान भिंतीवर लागणार? आत ओढला. केस कापले, मान साफ केली, भुवया आवरल्या, क्रीम चोपडून चेहरा चकचकीत केला. फुकटात. कानाच्या पाळीवर एक जुना ओरखडा होता, तो पावडरीने झाकला. तारेने लागलं म्हणाला. नवरदेव करून पाठवला.

थोड्याच वेळात बाई जिना उतरून दुकानात आल्या. हाताला रंग, कपाळाला रंग. म्हणाल्या, “माझा माणूस कुठे नेलात?”

मला वाटलं चावीवाला पोचलाच नाही. तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, कानावरच्या त्या केसांत तो पेन्सिल अडकवतो, भुवया वर करून कुलपात बघतो, त्यावर माझा चेहरा उभा होता. आता समोर बसलाय तो कोणीतरी वरातीला निघालेला आहे. आणि मानेवर हा पांढरा पट्टा कुठून आला?

पट्टा म्हणजे केस कापल्यावर उन्हाने न रापलेली कातडी दिसते तो. मी इतकी वर्षं तो पाडतोय, पण त्याचा कोणाला त्रास होईल असं डोक्यात आलं नव्हतं. दादा त्याच्या खुर्चीमागून म्हणाला, “धाकट्याला माणूस दिसला की कात्री सुटते, बाई. मनावर घेऊ नका.” बाई हसल्या. मला मात्र दिवसभर खटकत राहिलं. इतकं बारीक बघणारं माणूस मला आमच्या धंद्याबाहेर पहिल्यांदाच भेटलं.

२ मार्च, रविवार

चावीवाल्याचं चित्र झालं. बघायला तो बायकोसकट गेला, मीही मागोमाग.

काय सांगू. दुकानात नाणं ठेवताना तो खालचा ओठ आत घेतो ना, तो ओठ तिथे होता. डोळ्यांखालच्या पिशव्या होत्या, बोटांवरचा काळेपणा होता, आणि तरी माणूस राजासारखा बसला होता. एकही गोष्ट सुंदर केलेली नव्हती आणि बघत राहावंसं वाटत होतं. मी तर बोललोच नाही. मी बोललो नाही हीच बातमी आहे.

पण चावीवाला बिथरला. हा मी नव्हेच म्हणाला. माझा भांग इकडे असतो, नाक असं वाकडं नाही, दुसरीकडे वाकडं आहे. बायको म्हणाली हेच तुम्ही, डिट्टो. तो ऐकेना. शेवटी मला कळलं काय झालंय ते. मी चित्र उचललं, बाई नको नको म्हणत असताना खाली दुकानात आणलं आणि आमच्या आरशासमोर धरलं. म्हटलं, आता आरशात बघ.

आरशात बघून तो लगेच म्हणाला, हां, हा मी. मग वळून चित्राकडे बघितलं. परत आरशात. गिऱ्हाइकाला मी आरशातही बघतो आणि बाहेरही, त्यामुळे मला दोन्ही चावीवाले ओळखीचे. त्याला बिचाऱ्याला एकच माहीत होता, आरशातला उलटा. मग त्याने विचारलं, “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळे मला असे बघताय?”

बायको म्हणाली, मग काय तर. तो चित्राजवळ खुर्ची ओढून बसला आणि चहा आला तरी उठला नाही. बाई दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, तुमच्याकडे आरसा आहे, तो चित्रातली चूक लगेच दाखवतो, मला त्याची कायम भीती वाटते. मी म्हटलं, आम्हालाही.

६ मार्च, गुरुवार

आता दादाची पाळी. नाकाचं वाकडेपण जिने सोडलं नाही ती हात सोडेल?

दादा जेवायला घरी गेला होता तेव्हा मी वर जाऊन आलो. बाईंना म्हटलं, आमच्या दादाचं फक्त खांद्यापर्यंत काढा. चेहरा बघण्यासारखा आहे त्याचा. हात काय, साबणाने फुगलेले, बघण्यासारखे नाहीत. त्या ब्रश पुसत माझ्याकडे बघत होत्या. आमच्या खुर्चीत बसणारा माणूस खोटं सांगतो तेव्हा मला मानेवरून कळतं. त्यांना कशावरून कळत असेल माहीत नाही. म्हणाल्या, ठीक आहे, खांद्यापर्यंत.

जीव भांड्यात पडला.

१५ मार्च, शनिवार

दादाला आता आठवड्यातून तीनदा वर जायचं असतं आणि हा गडी ठरलेल्या वेळेआधी तयार. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नातही पाहुण्यांच्या दाढ्या केल्या, तो दोन-दोन तास नुसता बसतो. मी विचारलं, कंटाळा येत नाही? तर म्हणाला, तिथे मला कोणी काही करायला सांगत नाही, आणि तरी मी कामाचा असतो.

मला काही समजलं नाही. दुकानातही मी त्याला हल्ली काही करू देत नाही. विचारायच्या आधी ब्रश धुतो, पाणी गरम करतो, गिऱ्हाईक दारात दिसलं की माझ्या खुर्चीकडे वळवतो. आराम इथेही आहेच की.

वहिनी म्हणाली, परवा घरी गाणं गुणगुणत होते. तिला हसू येत होतं आणि डोळेही पुसत होती.

१८ मार्च, मंगळवार

बाई नसताना वर गेलो. चित्र अर्धं झालंय. बघून गलबलून आलं. दादाचे डोळे. गिऱ्हाईक उठल्यावर तो मान तिरकी करून आपलं काम बघतो, ते डोळे. हे मी लहानपणापासून बघतोय आणि मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पण गालावर पांढरे खुंट. बऱ्याच दिवसांचे. आमच्या दुकानाच्या मालकाचं चित्र आणि दाढी वाढलेली? शोभतं का? हल्ली तो स्वतःची दाढी करायला टाळाटाळ करतो, मला सांगायलाही टाळतो. म्हटलं तर म्हणतो, राहू दे रे. आळशी झालाय.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी मी त्याला धरून बसवला आणि गुळगुळीत केला. तो नको म्हणाला होता, पण नंतर डोळे मिटून बसला. खूप वर्षांनी त्याच्या गालावर वस्तरा फिरवला. कातडी पातळ झालीय त्याची. मी जपून, सावकाश केली. झाल्यावर त्याने हाताने गाल चाचपले आणि म्हणाला, चांगली केलीस. एवढ्याशा शब्दाने मी हवेत.

१९ मार्च, बुधवार

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते आज समजलं.

वरून दादाच्या हसण्याचा आवाज आला म्हणून गेलो. बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. खुंटांनी गालावर उजेड धरून ठेवला होता, तो सगळा गेला म्हणाल्या. आता दाढी वाढेपर्यंत चेहऱ्याला हात लावता येणार नाही. मी खजील होऊन उभा. मग त्या दादाला म्हणाल्या, तुमची हरकत नसेल तर तोवर हात करून घेऊ.

मी पटकन म्हटलं, पण कापड तर खांद्यापर्यंतचंच आहे. त्यांनी चित्र उलटं केलं. चौकटीच्या मागे कॅनव्हास चांगला हातभर दुमडलेला होता.

“मी नेहमी जास्तीचा ठेवते,” त्या म्हणाल्या. “माणूस किती लागेल ते आधी कळत नाही.”

तो उलगडून मोठ्या चौकटीवर ताणणार आहेत. दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो बाईंना म्हणाला, घ्या की, हात कुठे पळून जातोय. ज्या गोष्टीला मी इतके दिवस दार लावून बसलो होतो तिला मीच माझ्या वस्तऱ्याने वाट करून दिली.

२७ मार्च, गुरुवार

न राहवून बघायला गेलो. खिडकीजवळ दादा बसलेला, उजवा हात मांडीवर, आणि हात चालू. मला दुकानात तो थांबवावासा वाटतो, त्याच्यावर टॉवेल टाकावासा वाटतो. बाई नुसत्या बघत होत्या. इतका वेळ कोणी त्या हाताकडे बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा बघितलं नव्हतं.

मी विचारलं, स्थिर राहतच नाही ते काढणार कसं? त्या म्हणाल्या, हलणारी वस्तू पुन्हा पुन्हा एका जागी येते. घाई केली नाही तर ती जागा सापडते.

मग बारीक काम आलं. त्यांनी कोपऱ्यातून एक लांब काठी घेतली, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला. काठी चित्राच्या कडेला टेकवली, काठीवर मनगट टेकवलं आणि नखाची रेघ ओढली. दादा पुढे वाकला.

“तुमचाही हलतो?”

“सगळ्यांचा हलतो. म्हणून टेकवायचा.”

दादा हसला. आणि दिवसभर कसल्या तरी विचारात होता. संध्याकाळी त्याने घरमालकाच्या आईचे केस कापले, तेही मला न विचारता. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, त्यावर उजवं मनगट टेकवलं आणि एक एक बट सावकाश घेतली.  म्हातारीला काही कळलं नाही, ती पेंगत होती. केस मात्र चांगले झाले. मी मुद्दाम मागून, बाजूने, सगळीकडून बघितले.

५ एप्रिल, शनिवार

दादाला आज स्पष्ट बोललो. म्हटलं, चित्र घरी ठेवू, सभागृहात नको. सगळा बाजार उभा राहून बघेल. त्यांना कळेल. उद्यापासून तुझी खुर्ची रिकामी राहिली तर मला बघवणार नाही.

तो फण्या पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, “तू मला फार जपतोस रे.”

मला वाटलं पटलं त्याला. म्हणून विचारलं, मग बाईंना नाही सांगू? तर म्हणाला, दाढी वाढतेय, आता हात लावू नकोस. आणि दिवा घालवून निघाला. मी कुलूप लावता लावता चिडलो होतो. जपतो म्हणतो आणि ऐकत नाही.

२० एप्रिल, रविवार

चित्र लागलं.

आधी चित्राबद्दल लिहितो, नाहीतर राहून जाईल. दादा खिडकीजवळ बसला आहे. गालावर खुंट, त्यावर खिडकीचा उजेड. मांडीवरच्या उजव्या हातावर डावा हात ठेवलाय, आवरून धरल्यासारखा. उजव्या हाताची बोटं नीट काढलीत, नखं, साबणाने पडलेल्या भेगा, सगळं. फक्त अंगठ्याजवळची कडा किंचित मऊ सोडलीय, आणि बघता बघता वाटतं आता हलेल. दया नाही त्यात. लपवाछपवीही नाही. दादा कामावर असताना जेवढा उंच वाटतो तेवढा उंच वाटत होता. असं काम मी जन्मात पाहिलं नाही आणि ते माझ्या भावाचं आहे.

मी दाराशी उभा राहिलो, लोकांची तोंडं बघायला. तोंडं वाचायची सवय आहे. आता दचकतील, आता एकमेकांकडे बघतील. कोणी दचकलं नाही. चावीवाला पुढे गेला, मान तिरकी केली आणि बायकोला म्हणाला, हात बरोबर जमलाय.

मी त्याला बाजूला घेतलं. जमलाय म्हणजे? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच बाहेरगावचा.

“दोन वर्षं झाली की,” तो म्हणाला. “तुम्ही पाठ दुखते सांगत होता, म्हणून आम्हीही पाठच विचारत होतो.”

त्याने आपल्या कानाच्या पाळीवरच्या त्या जुन्या ओरखड्याला हात लावला आणि हसला. म्हणजे ती तार नव्हती तर. पोस्टमन मागून म्हणाला की गोळी घेतल्यावर सकाळी हात बरा असतो, तेव्हा आलं की दादालाही बरं वाटतं. कोणी ठरवलं नव्हतं म्हणे, ज्याने त्याने आपापलं केलं. मी तिथेच भिंतीला टेकलो. मी एकटा टॉवेल घेऊन झाकतोय असं समजत होतो आणि सगळा बाजार दुसरं टोक धरून उभा होता. लाज वाटली, आणि त्याहून जास्त या माणसांबद्दल माया वाटली. पण एकही जण आजवर दादाशी त्या हाताबद्दल बोलला नव्हता. आज चित्रासमोर उभे राहून बोलत होते, बोट दाखवून, जवळ जाऊन, जसं चित्राबद्दल बोलतात तसं. एकजण म्हणाला त्याच्या आईचाही असाच हलायचा. दुसऱ्याने डॉक्टरचा पत्ता दिला. दादा मधे उभा राहून उत्तरं देत होता. अध्यक्ष तेवढे लांब उभे होते.

दादाने पूर्ण झालेलं चित्र आजवर पाहिलंच नव्हतं. गर्दी हटल्यावर तो समोर गेला. वहिनी शेजारी. बराच वेळ बघून त्याने दोन्ही हात मोकळे सोडले आणि म्हणाला, “बरं झालं. आता धरून ठेवायला नको.”

बाई खिडकीशी उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो, आभार मानायचे होते. म्हटलं, कधी केस कापायचे असले तर या. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे नको, तुम्ही फार कापता.

२२ एप्रिल, मंगळवार

आज दुकान भरलं होतं. बाकावर चौघं, दारात दोघं. माझ्या खुर्चीत अध्यक्ष, केस अर्धे झालेले, डावी बाजू उरलेली. दादाची खुर्ची रिकामी, कारण त्याने बसणाऱ्याला मघाशी थांब म्हणून सांगितलं होतं.

त्याने खुर्ची पुसली, रेडिओ बंद केला आणि बाकाकडे तोंड करून उभा राहिला. उजवा हात बाजूला, उघडा, हलत होता.

“माझा हात हलतो,” तो म्हणाला. “आजपासून दाढ्या धाकटा करेल. केस मी कापेन, वेळ लागेल. ज्याला चालेल त्याने इकडे बसावं.”

 मला काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची होती, तोंड उघडलंही. तेवढ्यात माझ्या हाताखालचं डोकं सरकलं. अध्यक्ष उठले. गळ्यात माझं कापड, एका बाजूचे केस बारीक, दुसऱ्या बाजूचे कानावर, अशा अवतारात ते सगळ्यांसमोरून चालत गेले आणि दादाच्या खुर्चीत बसले.

“अर्धं झालंय,” ते आरशात बघून म्हणाले. “उरलेलं तुम्ही करा.”

बाकावर कोणीतरी हसू दाबलं. दादाने कापड नीट केलं, डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, थांबला, आणि पहिली बट घेतली. माझं गिऱ्हाईक माझ्या हातातून उठून गेलं होतं आणि पुढच्याला बोलवायचं मला सुचलंच नाही. रिकाम्या खुर्चीमागे कात्री हातात घेऊन मी उभा राहिलो आणि किती तरी दिवसांनी दादाचं काम नुसतं बघत बसलो.